हिट सगळे बघून झालेत, आता काय बघू?

परभणीहून एका भावानं विचारलंय की सैराट, फँड्री, नटसम्राट, कोर्ट असं नाव झालेलं सगळं बघून झालं, आता जास्त कुणी न बघितलेले पण खरंच चांगले सिनेमे सांगा. आम्ही चार-पाच मित्र महिन्यातून एकदा एकाच्या घरी जमतो, कधी कधी आई-वडील पण येऊन बसतात, तर त्या हिशोबानं सांगा.

हे शेवटचं वाक्य लिहिलं ते बरं केलं भाऊ. नाहीतर "शंभर सर्वोत्तम चित्रपट" छाप याद्या नेटवर ढिगानं पडलेल्या आहेत, त्याचा कुणाला काय उपयोग झालेला मी तरी बघितला नाही. सिनेमा कुणासोबत बसून बघणार यावर निम्मं गणित असतं. मी आधी डिस्ट्रिब्युटरकडं रिप्रेझेंटेटिव्ह होतो, म्हणजे रिळांची पेटी घेऊन एसटीनं तालुक्याच्या गावाला जायचं, टॉकीजच्या दारात उभं राहून तिकिटांवर नजर ठेवायची नि लास्ट शो सुटला की मॅनेजरसोबत हिशोबाला बसायचं. रिळं बंद झाली तशी ती नोकरी पण गेली, मग अंबाजोगाईत आम्ही काही जणांनी मिळून फिल्म क्लब काढला, तो अजून चालूय. त्यामुळं कुठल्या सीनला माणूस खुर्चीत पुढं सरकतो नि कुठल्या सीनला तंबाखू मळायला बाहेर निघतो हे दोन्हीकडून बघणं झालं.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. राहून गेलेला सिनेमा म्हणजे अवघड, संथ, फेस्टिव्हलवाला, असं आपल्याकडं लोक धरूनच चालतात. तसं काही नसतंय. बरेच सिनेमे आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत, एवढंच. सिनेमाच्या धंद्यात मराठवाडा कुठं मोजतात माहितीय का, निजाम टेरिटरीत! १९४८ ला निजाम गेला पण धंद्याच्या वहीतून काही गेला नाही. तेलंगणा, आपला मराठवाडा नि तिकडं कर्नाटकातलं बीदर, गुलबर्गा, रायचूर हे एक सर्किट, म्हणजे सिनेमा वाटायचा एक इलाखा, विदर्भ सीपी बेरार सर्किटमध्ये आणि पुण्या-मुंबईकडचं बॉम्बे सर्किटमध्ये. म्हणजे मराठी सिनेमा बनवणारा पुण्याचा, त्याची सगळी ओळखपाळख बॉम्बे सर्किटमध्ये, आणि आपल्यासाठी त्याला वेगळा गिऱ्हाईक शोधायचा. मोठा हिरो असला तर मिळायचा, नाहीतर कोण घेतंय. त्यात रिळांच्या काळात एकेका प्रिंटला भरपूर पैसा लागायचा म्हणून लहान सिनेमाच्या प्रिंटाच मोजक्या निघायच्या, त्या आधी पुणे-मुंबई-कोल्हापूर फिरायच्या नि आपल्याकडं येईपर्यंत घासून घासून पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडायला लागायचा, आभाळ कोरडं असलं तरी. आता डिजिटलमुळं प्रिंटचा खर्च गेला पण शोचं दुखणं आलं. शुक्रवारी सकाळी अकराचा एक शो लावायचा, त्या टायमाला शेतातला माणूस शेतात नि कंपनीतला कंपनीत, मग सोमवारी "पब्लिक नाही" म्हणून काढून टाकायचा. पब्लिक कुठून येणार बाबा.

तर तुम्ही परभणीचे आहात म्हणून सुरुवात तुमच्याच जिल्ह्यापासून. आक्रीत, १९८१. अमोल पालेकरांनी दिग्दर्शक म्हणून केलेला हा पहिला सिनेमा, लिहिलाय विजय तेंडुलकरांनी, आणि विषय मानवतच्या खुनांवरून घेतलेला. ते प्रकरण १९७२ ते ७४ मधलं, गुप्तधन नि मूलबाळ यासाठी पोरीबाळींचे, बायांचे बळी. आता वेबसिरीज आल्यापासून नव्या पोरांना पण माहीत झालंय, पण सिरीज पोलीस तपासाच्या बाजूनं चालते, आक्रीत त्या वाड्याच्या आतून चालतो. हिंदीत साधा-सरळ कारकून म्हणून गाजलेला पालेकर इथं स्वतः मुख्य खलनायकाच्या भूमिकेत आहे, आणि तो कुठं पण ओरडत नाही, डोळे वटारत नाही, शांतपणे बसून पुढची व्यवस्था लावतो. मला तर त्याचीच भीती वाटली. पण हा आई-वडिलांसोबत लावू नका. मानवत-पाथरीकडच्या जुन्या माणसांना ते दिवस अजून आठवतात, आमच्याकडं एक काका मध्यातच उठून गेले नि नंतर त्यांनी कधी विषय पण काढू दिला नाही. तुम्ही मित्र-मित्र असाल तेव्हा बघा.

दुष्काळावर सिनेमा सांगा म्हणलं की लोकं लगेच रडारडीच्या तयारीनं बसतात. आपल्याला दुष्काळ कुणी शिकवायची गरज नाही, टँकरच्या मागं हंडे घेऊन पळालेलो आपण. म्हणून मी असे सांगतो ज्यात दुष्काळ आहे पण माणूस नुसता बिचारा नाही.

सतीश मनवरचा गाभ्रीचा पाऊस (२००९) त्यातला सगळ्यात भारी. कथा विदर्भातली, बोली तिकडची, पण बीडच्या माणसाला एक शब्द अडणार नाही. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलाय. तेव्हापासून ह्या किसनाच्या बायकोच्या मनात बसलंय की आपला नवरा पण तसंच काहीतरी करणार. किसना झाला गिरीश कुलकर्णी, बायको सोनाली कुलकर्णी. ती काय करते तर नवऱ्याला खूश ठेवायचं म्हणून घरात काही नसताना गोडधोड करून घालते, आणि लहान पोराला बापाच्या मागं लावते, बाप जाईल तिकडं जायचं, नजर सोडायची नाही. आता बघा, बाप शेतात चालला की पोरगं मागं, बाप झाडाखाली टेकला की पोरगं जरा लांब बसून टकामका बघायलंय, बापाला कळेना हे लेकरू शाळा सोडून आपल्या मागं का फिरतंय, तो खेकसतो, पोरगं दोन पावलं मागं सरकतं नि पुन्हा तिथंच उभं. आमच्या शोला सुरुवातीला लोकं हसली ह्याला, अगदी मोठ्यानं. मग हळूहळू एकेकाच्या लक्षात यायला लागलं की ते पोरगं नेमकं कशावर पहारा द्यायलंय. दिग्दर्शकानं यासाठी वेगळं काही केलेलं नाही, ना संगीत वाढवलं ना डायलॉग दिला. हसू येतंय तोवर येऊ दिलं. आत्महत्येवर नंतर डझनानं सिनेमे आले, भाषणं देऊन गेले, याच्या जवळ कुणी पोचलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याला उतारा म्हणून पालेकरांचाच हिंदी थोडासा रूमानी हो जाएं (१९९०) ठेवा, त्यात नाना पाटेकर गावात येऊन सांगतो मी पाऊस पाडून देतो, आणि लग्न ठरत नाही म्हणून स्वतःवर रुसलेली घरातली पोरगी त्याला खोटारडा ठरवायला बसते. त्या पाऊसवाल्याचं नाव आहे धृष्टद्युम्न पद्मनाभ प्रजापती नीलकंठ धूमकेतू बारिशकर, आणि नाना ते दर वेळी एका दमात, न अडखळता म्हणतो. बरेच संवाद यमकात, गाणं म्हणल्यासारखे. पहिली दहा मिनिटं "हे काय चाललंय" वाटेल, तेवढी काढा, पुढं आपोआप जमतं. घरच्यांसोबत बिनधास्त चालेल.

आणि दिशा. सई परांजपेंचा, १९९० चाच. चष्मेबद्दूर नि कथा सगळ्यांना पाठ, पण दिशाचं नाव काढलं की लोकं कोऱ्या चेहऱ्यानं बघतात. गावातून मुंबईच्या गिरणीत गेलेली माणसं, एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी, त्यात नाना पाटेकर नि रघुवीर यादव. इकडं गावात ओम पुरी वर्षानुवर्षं एकटा विहीर खणायलाय, पाणी काही लागत नाही, गाव त्याला येडं समजतंय. आपल्याकडून पुण्याला गेलेली पोरं आठवा, चाकणला, हडपसरला एका रूममध्ये सहा-सहा जण, एकजण नाईटवरून आला की दुसरा उठतो. गिरण्या गेल्या, पण ती खोली तशीच आहे. सईबाईंचं वैशिष्ट्य असं की हे सगळं त्या हसत-खेळत सांगतात, शिकवणी लावत नाहीत. विहिरीचं काय होतं ते मी सांगणार नाही.

शेतकऱ्याच्या कर्जावर, सावकारावर अजून हवं असेल तर मकरंद मानेचा रिंगण बघा. बाप-लेक पंढरपूरला जातात, शशांक शेंदेनं बाप केलाय. नॅशनल अवॉर्ड मिळालेला सिनेमा असून आपल्याकडं किती जणांनी बघितला हा प्रश्नच आहे.

आता थोडं शहरात. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी संभाजीनगरला वाळूज, चिकलठाण्याला कामाला असेल, एखाद्याचे वडील टर्नर-फिटर असतील, तर त्यांना बोलवून लेथ जोशी (२०१८) लावा. मंगेश जोशीचा सिनेमा, चित्तरंजन गिरी मेन रोलला. हातानं लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, चालवणारा कसबी कारागीर, कंपनीत कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन आलं नि ह्याचं मशीन बंद. घरात मात्र नवीन नवीन यंत्रं यायलीत, बायकोचा केटरिंगचा धंदा वाढतोय, पोराचं कॉम्प्युटरचं काम चाललंय, सगळे पुढं निघालेत नि हा बोलतच नाही. आमच्या क्लबात एक रिटायर्ड टर्नर येतात, त्यांनी सिनेमा चालू असताना मला कोपर मारून दाखवलं, बघा तो हात कसा ठेवलाय त्यानं मशीनवर, शिकूनच आलाय गडी. कथा त्यांना नंतर विचारली तर सांगता आली नाही नीट, पण हात बरोबर लक्षात राहिला. मला वाटतं हीच खरी पावती. व्हिलन कुणी नाही सिनेमात, मालक पण वाईट नाही, त्यामुळं नंतर चर्चेला तोंड फुटतं. व्हिलन असला की त्याला शिव्या घालून लोकं मोकळी होतात.

जुन्या औरंगाबादचं कुणी असेल, किंवा परभणीत दर्ग्याच्या बाजूला राहणारा एखादा दोस्त असेल, तर अंकुर (१९७४) बघायचाच. श्याम बेनेगलांचा पहिला कथापट, शबाना आझमीचा पण पहिला, नि तिला नि साधू मेहेरला दोघांना त्यासाठी नॅशनल अवॉर्ड. हे सगळं पुस्तकात असतंय. पण पुण्याच्या समीक्षकाला जे ऐकू येत नाही ते आपल्याला येतं, ते म्हणजे त्यातली दखनी बोली. हैदराबादकडचं खेडं, जमीनदाराचा शिकलेला पोरगा, घरकाम करणारी लक्ष्मी, आणि बोलणं सगळं "नक्को", "हौ", "कायकू" वालं. आपण एकाच राज्यात होतो तेव्हाचा तो सूर. आमच्याकडं एक चाची आल्या होत्या, त्यांनी अख्खा सिनेमा पडद्यासोबत बोलत बघितला, लक्ष्मीला सल्ले देत. आवडला नसता तर गप बसल्या असत्या. लहान मुलं नको, विषय मोठ्यांचा आहे.

इथून पुढं सीमेपलीकडं सरका. उदगीर, देगलूरच्या माणसाला कन्नड-तेलुगू थोडं तरी कळतं, तुम्हाला नसेल कळत तरी तिथी (२०१५) सोडू नका. राम रेड्डीचा कन्नड सिनेमा, मंड्याकडच्या खेड्यातला, काम करणारे जवळपास सगळे गावचेच लोक, कॅमेरा कधी न बघितलेले. शंभरी पार केलेला म्हातारा मरतो, सगळे सेंच्युरी गौडा म्हणायचे त्याला. अकराव्याचं जेवण घालायचंय, आणि त्या अकरा दिवसांत नातवाला जमीन विकायचीय. अडचण अशी की जमीन म्हाताऱ्याच्या नावावर, म्हणजे ती आता म्हाताऱ्याच्या पोराकडं येणार, आणि तो पोरगा म्हणजे गड्डप्पा, पांढऱ्या दाढीचा फाटका माणूस, दिवसभर हिंडतो, स्वस्तातली ब्रँडी पितो, पोरांसोबत खडे मांडून खेळतो, त्याला जमीनच नको. सही पण नको नि भानगड पण नको. मग त्याचा पोरगा काय आयडिया करतो, तर बापाला कागदावर मेलेला दाखवायचं. सातबारा, वारस नोंद, तलाठी हे ज्यानं केलंय त्याला हसून हसून घाम फुटतो. मी ज्यांना ज्यांना हा दाखवला त्यात शेती असलेला एक पण माणूस मला "समजला नाही" म्हणलेला नाही. गड्डप्पा मेंढपाळांच्या तळावर जाऊन बसतो नि पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलतो, तेवढा सीन चालू असताना चहा-बिहा देऊ नका कुणाला.

तमिळमधला कडैसी विवसायी, म्हणजे गावात उरलेला शेवटचा शेतकरी. एम. मणिकंदनचा, २०२२ ला आला. म्हाताऱ्या शेतकऱ्याचं काम खऱ्याच शेतकऱ्यानं केलंय, नल्लांडी नाव, सिनेमा लागायच्या आधीच ते वारले. शेतात मोर मरून पडतात, म्हातारा त्यांना पुरतो, नि मोर मारल्याच्या केसमध्ये आत जातो. त्याची चिंता एकच, रोपं लावलीत त्यांना पाणी कोण देणार. मग जज बाई पोलिसालाच हुकूम देते, तू जाऊन पाणी घाल. तो कॉन्स्टेबल युनिफॉर्ममध्ये वाफ्यात उभा! जरा लांबलाय सिनेमा, मधला देवभक्ताचा भाग काहींना जड जातो, पण वडील शेतकरी असतील तर त्यांच्यासोबत हाच.

सबटायटलचा प्रश्न येतोच. इंग्रजी सबटायटल वयस्कर लोकांना झेपत नाही, आणि कुणीतरी शेजारी बसून प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगत बसला तर सगळ्यांचाच सिनेमा जातो. आम्ही असं करतो, सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं कोण कुणाचा कोण नि भांडण कशावरून एवढं मराठीत सांगून टाकायचं, नंतर गप. तिथी तर आम्ही तसाच दाखवला, लोकं तोंडं बघून समजून घेतात.

आईसाठी वेगळं सांगतो. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा एक कप च्या (२००९). एसटीतला कंडक्टर, कोकणातला, किशोर कदम झालाय. घरी लाईटचं बिल येतं ते हजारो रुपयांचं, आणि मग ऑफिसात खेटे, पुढं माहितीचा अधिकार. महावितरणच्या खिडकीपाशी उभा राहिलेला मराठवाड्यातला कुठला माणूस याला नाही म्हणेल? साधा, स्वच्छ, थोडा माहितीपट टाईप आहे हे खरं, पण आयांना आवडतो, आणि दोन-चार जणी नंतर खरंच माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा विचारतात.

घरच्यांसोबत आणखी एक चालतो, आजचा दिवस माझा (२०१३). चंद्रकांत कुलकर्णी म्हणजे औरंगाबादच्या जिगिषा नाट्यसंस्थेतून वर गेलेला आपला माणूस. मुख्यमंत्री एका आंधळ्या गायकाला घर द्यायचं म्हणतो, नि एका रात्रीत मंत्रालयाची सगळी यंत्रणा जागी करतो, सचिन खेडेकर आहे. इतका चांगला मुख्यमंत्री पचायला जड जातो, बाकी फाईल कशी अडते नि कशी पळते ते मस्त दाखवलंय.

वारकरी घर असेल तर संत तुकाराम (१९३६), प्रभातचा, युट्यूबवर आहे. जुना म्हणून नाक मुरडू नका. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस तर आहेतच पण खरा सिनेमा तुकोबांची बायको झालेल्या गौरीबाईंचा. पोरगं आजारी पडतं तेव्हा ती चप्पल घेऊन देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. १९३६ मध्ये! आमच्या शोला गंगाखेडकडच्या एक आजी होत्या, जनाबाईच्या गावच्या, त्या जागेवरून म्हणल्या, "बरं केलं बाई."

काही नावं मी मुद्दाम मागं ठेवलीत. अक्षय इंडीकरचा त्रिज्या, उमेश कुलकर्णीचा विहीर, तमिळमधला कूळांगल. तिन्ही मला फार आवडतात, पण ते एकट्यानं, रात्री, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून बघायचे. ग्रुपमध्ये पहिल्याच महिन्यात लावले तर दुसऱ्या महिन्यात ग्रुप राहणार नाही. कूळांगल मे महिन्यात तर बघूच नका, बाप-लेक उन्हात चालायलेत, तुम्हालाच उन्हाळी लागेल.

दोन कामाच्या गोष्टी. पडद्यापेक्षा आवाजाकडं लक्ष द्या, जुन्या टीव्हीवर चित्र चालून जातं पण आक्रीत, अंकुरसारख्या सिनेमात पुटपुटलेलं ऐकू आलं नाही की लोकं सुटतात, म्हणून एखादा बरा स्पीकर मागून आणा. आणि संपल्यावर "कसा वाटला" विचारू नका, सगळे "चांगला होता" म्हणून चपला घालतात. "कुणाचं चुकलं?" विचारा. लेथ जोशीनंतर आमच्याकडं ह्या एका प्रश्नावर रात्रीचे बारा वाजले होते.

पहिल्या महिन्याला एक कप च्या लावा, दुसऱ्याला लेथ जोशी, मग गाभ्रीचा पाऊस. तिथी चौथ्याला, तोवर लोकांना एकमेकांसमोर हसायची सवय लागलेली असते. फक्त त्या दिवशी बोलवताना जरा बघून बोलवा, भावकीतले दोघं जमिनीवरून कोर्टात असतील तर त्यांना एका सोफ्यावर बसवू नका.